राउटरची आज्ञाभाषा : एक अभ्यास

भाषा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर माणसे येतात. एक बोलणारा, दुसरा ऐकणारा आणि दोघांमध्ये एकमेकांना समजून घेण्याची थोडीफार इच्छा, एवढे असले की मोडकेतोडके वाक्यही पोहोचते. परंतु ज्या ऐकणाऱ्याजवळ ही इच्छा मुळीच नाही, जो शब्दाबाहेरचे काहीही ऐकत नाही, त्याच्याशी बोलावयाचे झाल्यास भाषेला कोणते रूप घ्यावे लागेल? व्याकरणाची विद्यार्थिनी म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचे एक चांगले उत्तर मला आमच्या पाठ्यपुस्तकांबाहेर, संगणकांची जाळी एकमेकांस जोडणाऱ्या राउटर नावाच्या यंत्रात सापडले. या यंत्राची प्राथमिक मांडणी कशी करतात हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. त्याबरोबरच ही मांडणी म्हणजे एक लिहिलेला मजकूर असतो आणि त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते, हेही दाखवावयाचे आहे.

राउटर अनेक कंपन्या बनवितात. उदाहरणासाठी मी सिस्को या कंपनीच्या राउटरची भाषा घेतली आहे. लेनर्ड बोझॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने १९८४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ही कंपनी स्थापन केली. दोघेही त्यापूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकांची व्यवस्था पाहत असत. त्यांच्या यंत्रांची आज्ञाभाषा पुढे इतकी रूढ झाली की इतर काही कंपन्यांनीही तिच्याशी मिळतीजुळती भाषा आपल्या यंत्रांना दिली. वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्रावर या आज्ञा रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टंकित कराव्या लागतात. येथे सोयीसाठी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

पत्ता आणि वाट

राउटरचे काम समजण्यासाठी आपल्या टपालाचे उदाहरण पुरेसे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतातील कवी व नाटककारही होते. त्यांच्या सहा अंकांतील पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय. कोलकात्यात पत्रांची छाननी करणाऱ्याला साताऱ्यातील पेठा ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिले अंक पाहून पत्र योग्य दिशेच्या थैलीत टाकले की त्याचे काम संपले. पुढचे पुढच्या कार्यालयाने पाहावयाचे.

राउटरही नेमके हेच करतो. संगणकाने पाठविलेला मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. १९८१ साली निश्चित झालेल्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या पद्धतीनुसार हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. आपण तो १९२.१६८.१०.२५ असा चार भागांत लिहितो. प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधील असतो. असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. जगाला ते अपुरे पडू लागल्यामुळे १२८ द्विमान अंकांची नवी पद्धतही आता तिच्या जोडीने चालते. पत्त्याबरोबर मास्क नावाची आणखी एक संख्या द्यावी लागते. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन भाग जाळ्याचे नाव सांगतात आणि चौथा भाग त्या जाळ्यातील यंत्राचा क्रमांक. पिनकोड कुठे संपतो आणि घरक्रमांक कुठे सुरू होतो, हे सांगणारी ही खूण होय.

राउटरजवळ वाटांची एक सारणी असते. अमुक जाळ्याचे पॅकेट आले तर तमुक दाराने बाहेर पाठवावे, अशा तिच्यात नोंदी असतात. एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील तर जी अधिक नेमकी, म्हणजे पत्त्याचे अधिक अंक सांगणारी, ती मानली जाते. कोणतीच लागू पडत नसेल तर पॅकेट टाकून दिले जाते. याखेरीज प्रत्येक पॅकेटावर एक आयुष्यसंख्या लिहिलेली असते. दर राउटरपाशी ती एकाने कमी होते आणि शून्य झाली की पॅकेट संपते. वाट चुकलेली पॅकेटे जाळ्यात कायमची फिरत राहू नयेत, यासाठी ही योजना आहे.

भाषेचे व्याकरण

नव्या राउटरला अद्याप पत्ता नसतो, त्यामुळे जाळ्यातून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून त्याच्या कन्सोल नावाच्या खोबणीत केबल लावून तो थेट संगणकाला जोडतात. संगणकावर टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडून वेग ९६०० ठेवावा लागतो. राउटर चालू झाला की पहिली मांडणी प्रश्नोत्तरांनी करावयाची आहे काय, असे तो विचारतो. येथे नाही असे उत्तर देऊन आपण स्वतः आज्ञा लिहाव्यात. भाषा शिकण्याचा तोच मार्ग आहे.

यानंतर पडद्यावर राउटरचे नाव आणि पुढे > ही खूण दिसते. ही पाहुण्याची पायरी. येथे काही गोष्टी पाहता येतात, बदलता काही येत नाही. ‘एनेबल’ ही आज्ञा दिली की खूण बदलून # होते. ही अधिकाऱ्याची पायरी. येथून ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटले की मांडणीच्या पायरीवर आपण येतो. तेथून पुढे एखाद्या दाराचे नाव घेतले, उदाहरणार्थ ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०’, की त्यानंतरच्या आज्ञा त्या एका दारालाच लागू होतात. ‘एक्झिट’ने एक पायरी मागे येता येते, ‘एंड’ने थेट अधिकाऱ्याच्या पायरीवर.

संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. पाणिनीच्या रचनेत अधिकारसूत्र नावाचा एक प्रकार आहे. असे सूत्र एकदा सांगितले की त्याची हद्द संपेपर्यंत पुढच्या प्रत्येक सूत्रात ते गृहीत धरावयाचे, पुन्हा पुन्हा उच्चारावयाचे नाही. राउटरच्या भाषेतही ‘इंटरफेस’ ही ओळ अशीच पुढच्या ओळींवर अधिकार चालविते. ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा एकटी वाचली तर कोणाचा पत्ता हे कळत नाही. कोणत्या पायरीवर ती दिली यावर तिचा अर्थ ठरतो. म्हणून प्रत्येक आज्ञा देण्यापूर्वी डावीकडची खूण वाचावी, हा या भाषेचा पहिला नियम होय.

दुसरा नियम नकाराचा. जवळजवळ कोणतीही मांडणीची आज्ञा मागे घ्यावयाची असेल तर तीच आज्ञा ‘नो’ हा शब्द पुढे जोडून पुन्हा लिहावयाची. मराठीत आपण ‘ज्ञान’ला ‘अ’ लावून ‘अज्ञान’ करतो, त्यातलाच हा प्रकार. तिसरा नियम संक्षेपाचा. शब्द पूर्ण लिहिण्याची सक्ती नाही. दुसऱ्या शब्दाशी घोटाळा होणार नाही इतकी अक्षरे पुरतात. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ऐवजी ‘कॉन्फ टी’ चालते. मात्र एकाच अक्षरांनी सुरू होणारे दोन शब्द संभवत असतील तर यंत्र स्वतः अंदाज करीत नाही. आज्ञा संदिग्ध आहे, एवढेच ते सांगते. शब्द चुकला असेल तर चूक जेथे सुरू झाली त्या अक्षराखाली एक टोकदार खूण दाखविते. काय लिहावे हे न सुचल्यास प्रश्नचिन्ह टंकित करावे. त्या जागी चालणाऱ्या सर्व शब्दांची यादी समोर येते.

आणि आज्ञा बिनचूक असेल तर? तर बहुधा यंत्र काहीच बोलत नाही. पुढची ओळ रिकामी येते. हे मौन म्हणजे आज्ञा व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्याची पावती आहे. ती शहाणपणाची आहे असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. हा भेद मी मुद्दाम अधोरेखित करते, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

प्राथमिक मांडणी

समजा, एका महाविद्यालयात ग्रंथालयाचे एक जाळे आहे आणि संगणककक्षाचे दुसरे. दोन्ही एकमेकांस आणि बाहेरच्या जगास जोडावयाची आहेत. मांडणीच्या पायरीवर येऊन प्रथम यंत्राला नाव द्यावे : ‘होस्टनेम कॉलेज’. लगेच खुणेच्या जागी हे नाव दिसू लागते. अनेक राउटर सांभाळणाऱ्याला आपण या क्षणी कोणाशी बोलत आहोत हे त्यामुळे कळते. ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ ही आज्ञाही आरंभीच द्यावी. ती नसेल तर चुकीचा शब्द टंकित होताच राउटर त्याला दूरच्या एखाद्या यंत्राचे नाव समजून शोधत बसतो आणि आपल्याला वाट पाहावी लागते.

त्यानंतर कुलपे. ‘एनेबल सीक्रेट’ आणि त्यापुढे परवलीचा शब्द लिहिला की अधिकाऱ्याच्या पायरीवर जाण्यापूर्वी तो विचारला जातो. हा शब्द यंत्र मूळ रूपात साठवीत नाही. गणिताने त्याचे असे रूपांतर करते की त्यावरून मूळ शब्द उलट काढणे अत्यंत कठीण व्हावे. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ अशीही एक आज्ञा आहे. तिने इतर परवलीचे शब्द झाकले जातात, पण ते झाकण सहज उघडता येते. शेजाऱ्याची ओझरती नजर चुकविण्यापुरताच तिचा उपयोग. कन्सोलसाठी ‘लाइन कन्सोल ०’ लिहून त्याखाली ‘पासवर्ड’ आणि परवलीचा शब्द द्यावा, व पुढच्या ओळीत ‘लॉगिन’ लिहावे. ही दुसरी ओळ विसरू नये. पासवर्ड म्हणजे कुलूप बनविणे आणि लॉगिन म्हणजे ते दाराला लावणे. नुसते बनविलेले कुलूप कोणालाही अडवीत नाही.

आता दारे. ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०’ याखाली ‘डिस्क्रिप्शन’ हा शब्द लिहून त्यापुढे ग्रंथालय अशी नोंद करावी. यंत्राच्या दृष्टीने या नोंदीला काही अर्थ नाही. ती पुढे वाचणाऱ्या माणसासाठी असते. मग ‘आयपी ॲड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०’ आणि शेवटी ‘नो शटडाउन’. राउटरची दारे मुळात बंद असतात. उघडण्याची आज्ञा म्हणजे बंद करण्याच्या आज्ञेचा नकार. संगणककक्षाच्या दाराला अशाच रीतीने १९२.१६८.२०.१ हा पत्ता द्यावा. एवढे केले की या दोन जाळ्यांची वाट राउटरला आपोआप कळते, कारण दोन्ही त्याच्या दारातच आहेत. मात्र प्रत्येक जाळ्यातील संगणकांना आपल्या बाजूच्या दाराचा पत्ता हा बाहेर जाण्याचा मार्ग म्हणून सांगितलेला असला पाहिजे.

बाहेरच्या दाराला, समजा, २०३.०.११३.२ हा पत्ता मिळाला आणि सेवा पुरविणाऱ्याच्या बाजूस २०३.०.११३.१ आहे. (हे पत्ते पुस्तकांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.) या दोघांपुरत्या लहान जाळ्याचा मास्क २५५.२५५.२५५.२५२ होतो. त्यात चार पत्ते असतात आणि त्यांपैकी दोन यंत्रांना देता येतात. नंतर मांडणीच्या पायरीवर ‘आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.१’ अशी ओळ लिहावी. तिचा मराठीत अर्थ असा : ज्याची वाट सारणीत अन्यत्र नाही, ते सर्व या शेजाऱ्याकडे सोपवावे. सर्व शून्ये असल्यामुळे ही सर्वांत कमी नेमकी नोंद ठरते आणि साहजिकच सर्वांत शेवटी विचारात घेतली जाते. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखीव आहेत, बाहेर त्यांना कोणी ओळखत नाही. म्हणून दारातून जाताना ते बदलून बाहेरचा पत्ता लावण्याची नॅट नावाची आणखी एक व्यवस्था मांडावी लागते. तिचा विस्तार येथे करीत नाही.

शेवटी दुरून येण्याची वाट. यासाठी पूर्वी टेलनेट ही पद्धत सर्रास वापरीत. तिच्यात परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. मधल्या कोणालाही वाचता येतो. अशीच चोरी फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात झाल्यावर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही बंद लिफाफ्याची पद्धत निर्माण केली. राउटरवर ती चालू करण्यासाठी ‘आयपी डोमेन-नेम’ने जाळ्याचे नाव, ‘युजरनेम’ने व्यक्तीचे नाव व परवलीचा शब्द देऊन ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ने किल्ली तयार करतात. मग ‘लाइन व्हीटीवाय ० ४’ याखाली ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ लिहितात. शेवटच्या ओळीने टेलनेटची वाट बंद होते.

बोललेले आणि लिहिलेले

मांडणी झाली की ती तपासावी. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ म्हटले की सर्व दारांची यादी येते. दोन्ही रकान्यांत ‘अप’ असेल तर दार चालू आहे. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असे दिसले तर ते आज्ञेनेच बंद आहे, म्हणजे ‘नो शटडाउन’ लिहावयाचे राहिले आहे. नुसते ‘डाउन’ असेल तर केबल पाहावी. ‘शो आयपी रूट’ने वाटांची सारणी दिसते. ‘पिंग’ आणि पुढे पत्ता लिहिला की पाच पॅकेटे जातात. उत्तर आले तर उद्गारचिन्ह उमटते, न आले तर टिंब. पहिले टिंब आणि पुढची चार उद्गारचिन्हे दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. शेजाऱ्याचे यंत्र हुडकण्यात पहिल्या पॅकेटाचा वेळ गेलेला असतो.

सारे सुरळीत दिसले तरी काम संपलेले नसते. राउटरजवळ मांडणीच्या दोन प्रती असतात. एक चालू प्रत, ‘रनिंग-कॉन्फिग’. आपण दिलेली प्रत्येक आज्ञा तिच्यात तत्काळ शिरते आणि लागू होते. पण ती अशा स्मृतीत असते की वीज जाताच पुसली जाते. दुसरी टिकाऊ प्रत, ‘स्टार्टअप-कॉन्फिग’. यंत्र पुन्हा चालू होताना हीच वाचली जाते. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ असे स्पष्ट सांगेपर्यंत पहिलीतील मजकूर दुसरीत जात नाही. मौखिक आणि लिखित यांतील भेद आपण साहित्याच्या वर्गात शिकतो. येथे तो एका यंत्रात समोर उभा राहतो.

हा भेद केवळ गैरसोयीचा आहे असेही नाही. जाणकार माणसे दूरच्या राउटरवर जोखमीचा बदल करण्यापूर्वी ‘रिलोड इन १०’ अशी आज्ञा देऊन ठेवतात. म्हणजे दहा मिनिटांनी यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होईल. आपल्याच आज्ञेने आपली वाट तुटली, तरी दहा मिनिटांनी जुनी लिखित प्रत वाचली जाते आणि वाट परत मिळते. बदल योग्य ठरला तर ‘रिलोड कॅन्सल’ म्हणून मग तो जतन करावयाचा. बोललेले शब्द परत घेण्याची एवढी सोय माणसांच्या भाषेत क्वचितच असेल.

एका ओळीचे वजन

शुद्ध आज्ञा आणि शहाणी आज्ञा यांतील भेद वर सांगितला. त्याची तीन उदाहरणे देते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने सरकारी हुकमानुसार आपल्या देशात यूट्यूब अडविण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांपैकी काहींची एक अधिक नेमकी वाट आपल्या राउटरांत लिहिली. ती नोंद देशाबाहेर निसटली. अधिक नेमकी नोंद मानावी हा नियम जगभर एकच असल्यामुळे इतर देशांतील राउटरांनीही ती मानली, आणि सुमारे दोन तास जगातील बऱ्याच भागांतून यूट्यूबकडे जाणारी पॅकेटे चुकीच्या दिशेने गेली. कोणताही राउटर बिघडला नव्हता. सर्वांनी नियमच पाळला होता.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीच्या अभियंत्यांनी देखभालीच्या वेळी आपल्या जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा दिली. तिने कंपनीच्या सर्व केंद्रांमधील जोडण्याच तुटल्या. अशी आज्ञा रोखण्यासाठी ठेवलेल्या तपासनीस प्रोग्रॅममध्येही दोष होता. दुरून शिरण्याच्या वाटा बंद झाल्यामुळे माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत जावे लागले. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. त्या काळात कित्येक लहान दुकानदारांचा गिऱ्हाइकांशी आणि परगावी गेलेल्या मुलांचा घराशी असलेला संपर्क तुटला.

तिसरे उदाहरण न लिहिलेल्या ओळीचे. २०१६ साली मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने कॅमेरे, ध्वनिचित्रमुद्रक आणि घरगुती राउटर अशी लक्षावधी यंत्रे ताब्यात घेतली. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणारी साठेक ठराविक नावे व परवलीचे शब्द तो एकामागून एक लावून पाहत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांचा मारा डाइन या अमेरिकन कंपनीवर झाला, आणि अनेक मोठी संकेतस्थळे कित्येक तास लोकांना उघडता येईनात. ज्यांच्या घरची यंत्रे या माऱ्यात सामील होती त्यांनी काहीच केले नव्हते. परवलीचा शब्द बदलणारी एक ओळ लिहिण्याचे राहिले होते, इतकेच.

उपसंहार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे सर्व का वाचावे, असा प्रश्न काहींना पडेल. माझे उत्तर असे की आज आपले पत्रव्यवहार, परीक्षांचे अर्ज, बँकेतील पैसे हे सारे अशा मजकुरांवर अवलंबून आहे, आणि मजकूर वाचणे हेच तर आपले शिक्षण आहे. पिनकोडची कल्पना एका संस्कृत कवीला सुचली, याचे मला आश्चर्य वाटत नाही. पत्ता, क्रम, अधिकार, नकार, संक्षेप या कल्पना भाषेच्या अभ्यासकाच्या नित्य परिचयाच्या आहेत.

आपल्या घरच्या राउटरवर अशा आज्ञा बहुधा लिहाव्या लागत नाहीत. एका पानावरील रकाने भरले की पुरते. परंतु प्रश्न तेच आहेत. कारखान्याचा परवलीचा शब्द बदलला आहे काय? बाहेरून शिरण्याची वाट बंद आहे काय? कंपनीने दिलेली सुधारित आवृत्ती त्यावर चढविली आहे काय? आणि केलेला बदल जतन केला आहे काय? ऐकणारा आपला हेतू समजून घेणार असेल तर ढिसाळ वाक्य निभावून जाते. राउटर हेतू समजून घेत नाही. म्हणून जतन करण्याची आज्ञा देण्यापूर्वी ‘शो रनिंग-कॉन्फिग’ म्हणावे, आपणच लिहिलेला मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत परक्याचा असल्यासारखा वाचावा, आणि मगच तो लिखित प्रतीत जाऊ द्यावा.